‘दोन दिवसांत सैल होतील’ असं सांगून विकलेले बूट

थंडी सुरू झाली की आमच्या इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत घोट्यापर्यंतचे बूट दर्शनी भागात लागतात. मागच्या वेळी मी तसेच एक घेतले आणि पुरती फसले. माझ्यासारख्या आणखी कुणी त्यात अडकू नये म्हणून जे झालं ते सगळं सांगते.

तारीख होती २२ डिसेंबर २०२४, रविवार. जानेवारीत आमच्या भिशीच्या मैत्रिणींची मांडूची सहल ठरली होती. आयुष्यभर सँडल आणि कॅनव्हासच्या बुटांत काढल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी मला जीन्सवर घालायला झोकदार बूट हवे होते. फॅशनची हौस होती आणि त्यात काही वावगं आहे असं मला आजही वाटत नाही. बरोबर वहिनी होती. सकाळी पोहे-जिलबी खाऊन आम्ही अकराच्या सुमारास बाजारात शिरलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ही तऱ्हा एकाच दुकानाची नाही.

बूट दिसायला देखणे होते. टॅन रंग, आतल्या बाजूने चेन, दोन इंचांची जाड टाच, पुढे निमुळतं टोक. टाचेला बारीक दोऱ्याने बांधलेला बिल्ला, त्यावर ‘प्युअर लेदर’. पाटीवर ४,९९९ खोडून २,८०० लिहिलेले.

मला ६ नंबर लागतो. माझ्या घरातल्या दोन-तीन जोडांवर आपल्याकडचा ६ आणि युरोपीय ३९ हे आकडे शेजारी शेजारीच छापलेले आहेत. दुकानातल्या मुलाने आणून दिला तो ३८. मी म्हटलं, ३९ दाखवा. तो म्हणाला, “दीदी, इस कंपनी में अड़तीस ही छह होता है.” मग त्याने मला दुकानातले पातळ नायलॉनचे मोजे दिले, टाचेपाशी बुटात जरा टाल्कम पावडर टाकली, शू-हॉर्न लावला आणि पाय सर्रकन आत गेला. पण चवडा दोन्ही बाजूंनी आवळला जात होता आणि करंगळी अंगठीत अडकल्यासारखी झाली होती. मी तसं सांगितलं. त्यावर त्याने बूट काढून घेतला, पाठ वळवली, मिनिटभरात परत आणला आणि म्हणाला, “अब देखो.” खरंच मोकळं वाटलं. त्याने आतली गादी, म्हणजे पतावा, उचकटून काढला होता. हे मला घरी गेल्यावर कळलं, पिशवीत तळाशी दोन पतावे गुंडाळलेले सापडले तेव्हा.

मग त्याने बुटाचं टोक अंगठ्याने दाबून दाखवलं: “देखो, आगे जगह है.” जागा होतीच. पण निमुळत्या बुटाचं टोक रिकामंच असतं, तिथवर बोटं कधी पोचतच नाहीत. त्याच्या आधीच ती बाजूंनी दाबली जातात. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. शेवटी त्याने लायटर काढला, बुटाच्या कडेवरून ज्योत झटकन फिरवली आणि म्हणाला, “असली चमड़ा है, जलता नहीं. दो दिन पहनो, अपने आप खुल जाएगा.”

वहिनी म्हणाली, “ताई, जरा दुकानाबाहेर फरशीवर चालून बघा ना.” दुकानात जाड गालिचा होता. मी म्हटलं, अगं, चामडं आहे, होईल सैल. तिने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तेच म्हटलं. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर ‘एस्टिमेट’ लिहिलेली पांढरी चिठ्ठी मिळाली. वर दुकानाचं नाव नाही, खाली सही नाही.

घरात तीन संध्याकाळी घालून पाहिले. पतावा परत बसवला तर पाय आत जाईना, काढला तर तळव्याला शिवण टोचे. लोकरी मोजे घालून तर शक्यच नव्हतं. दोन दिवस झाले, दहा झाले, बूट तसूभरही सैल झाले नाहीत. वर्षाच्या शेवटी एका लग्नाला घालून गेले तर टाचेला फोड आला. तरी मनात तेच वाक्य: होतील सैल. माझी खरी चूक इथे झाली. बूट चावतोय हे पाय सांगत होता आणि मी विक्रेत्याचं ऐकत होते.

१८ जानेवारीला मांडूला गेलो. इंदूरहून शंभरेक किलोमीटर. जहाज महाल, हिंडोला महाल सपाटीवर आहेत, तिथे कसंबसं निभावलं. रूपमती मंडपाच्या चढावर उजव्या पायाखाली काहीतरी कुसकरल्यासारखं वाटलं. वाटलं, खडे असतील. मागून येणारी मैत्रीण ओरडली, “अगं, तुझा बूट सांडतोय!” खाली पाहिलं तर दगडी पायऱ्यांवर माझ्या सोलचे काळे तुकडे पडले होते. मी एक उचलला. जुनी नानकटाई बोटांत चुरावी तसा तो चुरला, बोटाला चिकट काळं लागलं. उसवला नव्हता, डिंकातून सुटलाही नव्हता. सोलच आतून मेला होता.

वरून त्या दिवशी नर्मदेची रेघ स्वच्छ दिसत होती म्हणे. मी पाहिली नाही. मोज्यांवर उतरले, बसमधल्या एकीच्या जादा चपला घातल्या. अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळलं होतं, ते रात्री काळंनिळं झालं. उतारावर पाय पुढे सरकतो आणि आखूड बुटात अंगठा प्रत्येक पावलाला टोकावर आपटतो, त्याने असं होतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी बूट आमच्या कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे नेले. त्यांनी बूट हातात घेतला, वाकवला, नाकाशी नेला. मग चेनच्या आतल्या बाजूला, जिथे काठ दुमडलेला असतो, तिथे रापीने नखाएवढी चीर दिली आणि मला जवळ बोलावलं. वरचा थर प्लास्टिकच्या सालीसारखा पातळ, खाली विणलेलं पांढरं कापड. त्यांनी स्वतःजवळचा चामड्याचा तुकडा कापून शेजारी धरला. त्याच्या काठाला वीण नव्हती. सगळी जाडी एकमेकांत गुंतलेल्या तंतूंची, जरा केसाळ. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा कुणी सहज फसवू शकत नाही. “रेग्ज़ीन है, मैडम. ये क्या खुलेगा? फटेगा, खुलेगा नहीं.”

लायटरचं विचारलं तर ते म्हणाले, इतक्या भरकन फिरवली तर काहीच जळत नाही. वासावरही जायचं नाही, चामड्याचा वास बाटलीत मिळतो. आणि खरं चामडंही रुंदीला थोडंफार सैलावतं, लांबीला नाही. आखूड बूट जन्मभर आखूडच राहतो.

सोलबद्दल जे कळलं ते अधिक महत्त्वाचं आहे. माझा सोल पॉलियुरेथेनचा, दुकानदारांच्या भाषेत पीयूचा होता. तो हलका आणि मऊ असतो, म्हणून आरामदायक बुटांना लावतात. पण हवेतल्या ओलाव्याने त्याची घडण हळूहळू मोडत जाते, बूट न घालता खोक्यात ठेवला तरी. बाहेरून नवाकोरा दिसतो आणि काही वर्षांनी वजन पडताच भुगा होतो. म्हणजे माझे बूट जुन्या मालातले होते.

पण खोक्यावर तर सप्टेंबर २०२४ लिहिलं होतं! मी ते खोकं काढलं. वरचा कागदी स्टिकर एका कोपऱ्यात जरा उचललेला होता. मुलीने हेअर ड्रायरची गरम हवा दिली आणि तो सबंध सोलला. खाली मूळ स्टिकर: मार्च २०१८. किंमत १,४९९. ‘अपर’ म्हणजे बुटाचा वरचा भाग, या शब्दापुढे चामड्याची खूण नव्हती, साधा चौकोन होता. बुटांच्या खोक्यावर किंवा तळाला चार चित्रखुणा वापरतात. जनावराच्या पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, त्याच आकारात चौकट असेल तर वर लेप दिलेलं चामडं, जाळी म्हणजे कापड, आणि नुसती चौकट म्हणजे इतर साहित्य, बहुतेक वेळा रेक्झिन किंवा पीयूचं नकली चामडं. म्हणजे बनवणाऱ्याने खरं तेच छापलं होतं. लेदरचा बिल्ला दुकानात लागला.

मला स्पष्ट सांगायचंय, रेक्झिन वाईट नाही. कमी पैशांत, पावसाळ्यात ते चांगलं काम देतं. रेक्झिन म्हणून घेतलं असतं तर तक्रार नव्हती. पावणेसात वर्षांपूर्वीचा माल चामडं म्हणून, तारीख झाकून, जवळजवळ दुप्पट किमतीला विकणं ही चोरी आहे.

२० जानेवारीला मी आणि वहिनी दुकानात गेलो. मालक म्हणाले, घासून घासून घातलेत, आणि भिंतीवरच्या ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ या पाटीकडे बोट दाखवलं. ही पाटी वाचून आपण गप्प बसतो. बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. माझा तो एकोणतिसावा दिवस होता. मी मोबाइलवर दोन्ही स्टिकरचे फोटो दाखवले आणि नापतौल विभागात, म्हणजे वजनमापे खात्यात, लेखी देणार असं सांगितलं. बंद खोक्यातल्या मालावर तयार केल्याचा महिना आणि वर्ष असावंच लागतं आणि ते झाकून वर दुसरं चिकटवता येत नाही. दुकानदाराला स्टिकर लावून किंमत कमी करता येते, वाढवता येत नाही.

एकदम सूर बदलला. चहा मागवला. पूर्ण २,८०० देतो म्हणाले, पण बूट आणि खोकं ठेवून जा. बुटांपेक्षा खोक्यावर त्यांचा जीव जास्त होता. मी खोकं दिलं नाही. शेवटी रोख २,००० मिळाले. यूपीआयची नोंद नसती तर मी तिथून बूट घेतले हेच त्यांनी नाकारलं असतं. तरी पैसे ज्या नावावर गेले ते दुकानाचं नव्हतंच. तक्रार दिली आहे, पोच माझ्याकडे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथेही सांगता येतं, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क लागत नाही.

फेब्रुवारीत मी दुसरे बूट घेतले. या वेळी आदल्या रात्री भिंतीला टाच लावून, कागदावर उभी राहून दोन्ही पायांची रेघ काढली. उजवा २४.८ सेंटीमीटर, डावा २४.४. बहुतेकांचे दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. युरोपीय नंबर म्हणजे ज्या साच्यावर बूट बेततात, कारागीर ज्याला फर्मा म्हणतात, त्याची लांबी. एक नंबर म्हणजे एका सेंटीमीटरचे दोन तृतीयांश. ३८ म्हणजे २५.३ आणि ३९ म्हणजे २६. बोटांपुढे साधारण सेंटीमीटरभर मोकळी जागा लागते. माझ्या उजव्या पायाला ३८ मध्ये जेमतेम अर्धा मिळत होता. हा हिशोब मला आधी येत असता तर तो मुलगा काहीही म्हणाला असता तरी मी उठले असते. शिवाय आपल्याकडचे पाय पुढे रुंद असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लोकांचे पाय मोजून ‘भा’ नावाची भारतीय मापं सुचवली आहेत, ती याच कारणाने. निमुळता बूट हवाच असेल तर टोक लांब असलेला घ्यावा, चवड्यापाशी अरुंद असलेला नको.

संध्याकाळी सातला गेले, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी बसलेला बूट रात्री आवळतो. घरचे लोकरी मोजे पर्समध्ये नेले. पतावा हात घालून चाचपला. दोन्ही बूट घालून दहा मिनिटं बाहेरच्या लादीवर चालले, पायरी चढले, उतरले. उतरताना अंगठा टोकाला लागला नाही. बूट चवड्याजवळच वाकत होता, जिथे माझा पाय वाकतो. टाच किंचित उचलली जात होती, तेवढं चालतं, नव्याला थोडं होतंच. आवडलेला पहिला जोड तरी सोडावा लागला. दिसायला फार सुंदर होता, पण घोट्याच्या हाडावर शिवण येत होती. मुलगी म्हणाली, “आई, तो किती छान दिसत होता!” होता, पण मी हा घेतला. घालून घरी चालत आले.

जुन्या सोलचे तुकडे मी एका डबीत भरून ठेवलेत. खोकंही आहे, दोन्ही स्टिकरसकट. सुदामा नगरात कुणाला बूट घ्यायला जायचं असेल तर आधी आमच्याकडे या. मोचीकाकांनी कापून दिलेला चामड्याचा तुकडा आणि माझं रेक्झिन शेजारी ठेवून दाखवते, पाच मिनिटं लागतात.