डॉक्टरला सांगू नका म्हणणाऱ्या गुरुजींपासनं सांभाळा

रेडिएशनच्या वेटिंगमध्ये आपल्या माणसाची फाईल मांडीवर घेऊन बसणाऱ्या सगळ्या बायकांसाठी हे लिहितेय. पुरुषांनी पण वाचा, पण ही लोकं बायकांनाच गाठतात.

आमच्या ह्यांना तोंडाचा कॅन्सर. तंबाखू आणि मावा, दुसरं काय. जबड्याचं ऑपरेशन झालं, टाके सुकल्यावर रेडिएशन चालू झालं, सोमवार ते शुक्रवार रोज, सहा-साडेसहा आठवडे, आणि त्यातच आठवड्यातनं एकदा सिस्प्लाटिनची केमो. उपचार महात्मा फुले योजनेत बसले, आरोग्यमित्रानं कागदपत्रं नीट करून दिली म्हणून हॉस्पिटलला पैसे भरायला लागले नाहीत. जे काय बाजूला होतं ते घरखर्चाला आणि गाडीभाड्याला, कारण ह्यांची कमाई बंदच होती.

मी देवाधर्माची बाई आहे, एवढं सगळं होऊन पण आहे. रविवारी जोतिबा, शुक्रवारी अंबाबाई, जमलं तर पौर्णिमेला नरसोबाची वाडी. रेडिएशनला तो जाळीचा मास्क तोंडावर बसवून टेबलाला पक्का करतात, मान पण हलवता येत नाही, पहिल्या दिवशी ह्यांना आत घुसमटायला लागलं आणि बाहेर येऊन उद्यापासनं येत नाही म्हणाले. मी म्हटलं आत तुम्ही मनात चांगभलं म्हणा, बाहेर मी म्हणते, दोघांचं मिळून होईल तेवढ्यात मशीन थांबतंय. तसंच चालू झालं. तोंड आतनं सोललेलं, पेज गिळताना डोळ्यात पाणी यायचं, पण एक दिवस खाडा नाही.

आता मुद्द्याचं. वेटिंगमध्ये एक मावशी असायच्या. स्टीलचा डबा, कापडी पिशवी, कपाळाला मळवट, भावाला घेऊन आलोय म्हणायच्या. बोलणं एकदम मायेचं, "कुठनं आलासा ताई, जेवलासा का, कुलदैवत कुठलं तुमचं, पोरं किती?" तिथं बसलं की माणूस बोलतोच हो, तासनतास दुसरं करायचं काय. एकदा म्हणाल्या माझ्या भावाचं पण असंच हाय, तुमच्या रिपोर्टचा फोटो घेऊ का, डॉक्टरला दाखवून विचारतो. घेतला फोटो. मग हळूच गुरुजींचा विषय काढला, शहराबाहेर एका मळ्यात अमावस्येला बसतात, पैशाला शिवत नाहीत, भावाची गाठ त्यांनीच विरघळवली.

गुरुजींनी मला बघितल्या बघितल्या सांगितलं, जोतिबा तुमचं दैवत, धन्याला डाव्या जबड्याला दुखणं, थोरली मुलगी, धाकटा मुलगा, चाकू लागून दीड-दोन महिने झालेत. मी हात जोडले. तुम्ही पण जोडले असते. ही सगळी माहिती मीच मावशींना दिलेली आणि उरलेली रिपोर्टच्या फोटोत होती, हे तिथं धुपाच्या धुरात बसल्यावर कुणाच्या डोक्यात येतंय? सगळा धंदा एवढ्यावरच चालतोय. वेटिंगमधनं माहिती गोळा करायची आणि मळ्यात अंतर्ज्ञान म्हणून वाटायची.

पैसे खरंच हातात घेत नाहीत, समोर क्यूआर कोड ठेवलेला असतो, कुठल्यातरी बाईच्या नावचा. आधी नारळाचे ११००. मग अनुष्ठानाच्या साहित्याचे २१,०००, त्यासाठी माझ्या कानातलं गेलं. त्याबरोबर भस्माच्या पुड्या, रोज दुधातनं द्यायच्या, आणि एक अट, डॉक्टरला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो.

आणि गुण आला की! तीन-चार दिवसांत सूज उतरली, भूक लागली, हे मऊ भात खायला लागले, मी देवापुढं साखर ठेवली. केमोच्या आधी दर आठवड्याला रक्त तपासतात, त्यात साखर भरमसाट वाढलेली आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, तो पण वर गेलेला. ह्यांना शुगर कधीच नव्हती. सिस्प्लाटिन मुळातच किडनीला जड, म्हणून तर त्या दिवशी एवढ्या सलाईन लावतात. डॉक्टरांनी केमो पुढं ढकलली आणि शांतपणे विचारलं, घरी अजून काय देताय का? मी गप्प.

त्याच आठवड्यात गुरुजींचा निरोप आला की आता मोठं अनुष्ठान, ५१,००० चं, आणि नऊ दिवस मशीनवर न्यायचं नाही, त्या विजेनं भस्माची शक्ती जळते. इथं मात्र माझं डोकं फिरलं. कारण रेडिएशन चालू करताना डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलेलं, काही झालं तरी मध्ये गॅप पडू द्यायचा नाही, गॅपमध्ये उरलेल्या पेशी परत जोरात वाढतात. ह्यांना बोलायला त्रास व्हायचा म्हणून धाकट्याची पाटी जवळ असायची, त्यांना निरोप सांगितला तर त्यांनी पाटीवर लिहिलं, "जोतिबाला रोज चालतंय, ह्याला बरं चालत नाही." मी तशीच पुडी पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

ते ओरडले नाहीत. म्हणाले अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं, त्यानं सूज उतरते, भूक लागते, माणसाला बरं वाटतं, साखर चढते, आणि गाठीचं काय होत नाही. कधी शिसं, पारा पण निघतो. पुड्या अचानक बंद करू नका, किती दिवस दिल्या ते सांगा, मी बघतो म्हणाले. हे लक्षात ठेवा, स्टिरॉइड एकदम तोडलं तरी त्रास होतो, म्हणून घाबरून गटारात टाकून मोकळं व्हायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं.

पैसे देत नाही म्हटल्यावर गुरुजींची भाषा बदलली. अर्धवट सोडलं तर कुंकू पुसलं जाईल, असं फोनवर, रात्री साडेदहाला. नवरा शेजारी झोपलाय आणि हे ऐकायचं. मी ते रेकॉर्ड केलं. सिस्टरना मावशींचं विचारलं तर त्या म्हणाल्या, ह्यांचा पेशंट कुणीच नाही, आम्हाला वाटलं तुमच्यातल्या.

तक्रार केली. २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा आपल्याकडं आहे, त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, आणि मंत्र-भस्मानं कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ पासनं बंदी आहे. ऑनलाईन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईन नंबरला लगेच फोन करा, जितकं लवकर तितकं खातं गोठायची शक्यता जास्त. आमच्या वेळी खात्यात काहीच उरलं नव्हतं. ते खातं ज्या बाईच्या नावावर होतं ती कुठल्यातरी वीटभट्टीवर कामाला, तिला महिन्याला थोडे पैसे देऊन खातं वापरत होते. कानातलं गेलं ते गेलं.

ह्यांची साखर उतरली, केमो पुढच्या आठवड्यात दिली, रेडिएशन ठरलेल्या तारखेला संपलं. आता तपासणीला जातो, मिसळ अजून चालत नाही, दूध-भातावर आहेत. संपल्यावर पहिल्या रविवारी डोंगरावर जाऊन खोबरं-गुलाल उधळला, खर्च फार तर दोनशे रुपये.

तक्रार द्यायला जाताना उरलेल्या पुड्या, पेमेंटचे स्क्रीनशॉट, कॉलचं रेकॉर्डिंग सगळं न्या, पोलिसांनी आमच्याकडनं पहिल्या पुड्याच मागितल्या. आणि वेटिंगमध्ये कोण तुमच्या फाईलचा फोटो मागायला लागलं तर तुमचा पेशंट कितव्या नंबरला आहे एवढंच विचारा आणि सिस्टरला हाक मारा.