सांगलीतील बालरुग्णालयाचा नवजात अतिदक्षता विभाग : परिचारिकांच्या कामाविषयी

आमची मुलगी 32 व्या आठवड्यात, जेमतेम दीड किलो वजनाची जन्मली आणि तिला तासगावहून सांगलीच्या या रुग्णालयात हलवावे लागले. डॉक्टरांविषयी बरेच जण लिहितात, म्हणून मी मुद्दाम परिचारिकांविषयी लिहीत आहे. डॉक्टर फेरीपुरते येतात, पण रात्रंदिवस बाळ असते ते सिस्टरांच्याच हाती.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधारण 34 व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो, त्यामुळे सुरुवातीला दूध नळीनेच द्यावे लागले. सिस्टर आधी नळीवरची खूण जागेवर आहे ना हे पाहत, सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवत आणि नळकांडे हाताने उंच धरून दूध आपोआप उतरू देत. दट्ट्याने ढकलले असते तर काम मिनिटात उरकले असते, पण इतकी बाळे सांभाळताना त्यांनी तसे कधी केले नाही. दूध उतरत असताना त्यांची नजर बाळाच्या ओठांच्या रंगावर आणि छातीच्या हालचालीवर असे. पुढे बोंडल्याने दूध पाजायला त्यांनी माझ्या पत्नीला शिकवले, तेही तिच्या हातून सांडले तरी न चिडता. काविळीसाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवलेल्या बाळाची डोळ्यांवरची पट्टी त्या दूध पाजताना आवर्जून काढत, म्हणजे आईला बाळाचे डोळे पाहता येत.

स्वच्छतेच्या बाबतीत कोणाचीही भीड ठेवली जात नाही. "आजी, आधी पाटल्या काढा आणि कोपरापर्यंत हात धुवा," हे माझ्या आईलाही ऐकावे लागले आणि ते योग्यच होते.

उणीव आहे ती व्यवस्थापनाची. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरून ठेवण्याची कांगारू पद्धत 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना आता ती दिवसाचे 8 ते 24 तास द्यावी असे सांगते. येथे मात्र त्यासाठी दोनच आरामखुर्च्या आहेत, आया पाळीची वाट पाहत बाहेरच्या बाकावर बसून राहतात आणि रात्री त्यांना आत प्रवेशच नाही. बाळाला ऊब देणारी आई दाराबाहेर बसवून यंत्रांवर खर्च करणे मला पटत नाही. रात्रपाळीला सिस्टरांची संख्याही कमी पडते. एका बाळाचा अलार्म बंद करून त्या दुसऱ्याकडे धावताना दिसतात.

खर्च अर्थातच मोठा आहे. ज्यांना तो झेपणार नाही त्यांनी सरकारी रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात जरूर चौकशी करावी, कारण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला एक वर्षापर्यंत तेथे मोफत उपचार मिळतात.

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरांनी धोक्याच्या खुणा पत्नीकडून म्हणवून घेतल्या: दूध न ओढणे, अंग गार पडणे, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास. श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट, हेही त्यांनी घड्याळ समोर धरून करून घेतले. कमी दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाची तपासणी महिन्याच्या आत व्हावी लागते. त्याची तारीख कार्डावर लाल शाईने लिहून दिली होती आणि आदल्या दिवशी आठवणीचा फोनही आला.