गाण्यांचा कंटाळा असलेल्या प्रेक्षकाने पाहिलेली ‘कट्यार’

चित्रपटातील पात्रे बोलता बोलता गाऊ लागली, की माझा त्यांच्यावरचा विश्वास उडतो. संगीत नाटकांबाबतही माझे मत फारसे वेगळे नाही. मरणासन्न पात्राने वन्समोअर घेतल्याच्या आख्यायिका ऐकून इतरांना गहिवरून येते, मला हसू येते. असे असूनही सुबोध भावे दिग्दर्शित ‘कट्यार काळजात घुसली’ (2015) हा चित्रपट मला आवडला, आणि तो गाणी सोसून नव्हे, तर गाण्यांमुळेच आवडला.

पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 1967 सालच्या नाटकावर बेतलेली ही कथा विश्रामपूर संस्थानात घडते. राजगायकाचा मान पंडित भानुशंकरांकडे आहे आणि त्यांनीच सन्मानाने बोलावलेले खाँसाहेब आफताब हुसेन त्या मानासाठी वर्षानुवर्षे झुरत आहेत. मानासोबत हवेली मिळते आणि एक खून माफ असलेली कट्यारही. येथे गाणे हेच शस्त्र असल्यामुळे दोन गवई समोरासमोर बसले की कथा थांबत नाही, उलट तेव्हाच ती पुढे सरकते. कोण जिंकला, कोण खचला आणि कोणाच्या मनात विष कालवले गेले, हे संवादांच्या आधी सुरांतून कळते. एरवी गाणी कापून टाकली तरी चित्रपटाचे काही बिघडत नाही, अशी माझी तक्रार असते. येथे गाणी कापली तर मागे फक्त भरजरी पोशाख उरतील.

याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे ‘घेई छंद मकरंद’ हे पद. पंडितजी तेच शब्द शांतपणे, सुराला सुर जोडत गातात, तर खाँसाहेब ते चपळ, आक्रमक तानांनी भारून टाकतात. शास्त्रीय संगीतातले काहीही न कळणाऱ्या माझ्यासारख्यालाही दोन स्वभावांतला फरक यातून जितका स्पष्ट कळला, तितका तो पानभर संवादांतून कळला नसता. पं. जितेंद्र अभिषेकींच्या मूळ चाली आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी यांचा सांधा मात्र सर्वत्र जुळलेला नाही. काही नवी गाणी नाटकाच्या घराण्यातली न वाटता मोठ्या पडद्याच्या हौसेखातर आल्यासारखी वाटतात, आणि तेथे माझी जुनी चुळबुळ पुन्हा सुरू झाली.

चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, हा माझा आणखी एक आक्षेप. शंकर महादेवन पंडितजींची भूमिका करतात आणि स्वतःच गातात, त्यामुळे तेथे प्रश्नच उद्भवत नाही. रंगभूमीवर वसंतराव देशपांडे यांनी गाजवलेल्या खाँसाहेबांसाठी येथे त्यांचे नातू राहुल देशपांडे गायले आहेत आणि पडद्यावर सचिन पिळगांवकर आहेत. सचिन यांनी मानेची, बोटांची आणि श्वासाची इतकी मेहनत घेतली आहे, की आवाज उसना आहे हे मी बराच वेळ विसरलो. अहंकार आणि पराभवाची लाज एकाच चेहऱ्यावर दिसावी, ही या भूमिकेची मागणी त्यांनी पूर्ण केली आहे. पंडितजींचा शिष्य सदाशिव सुबोध भावे यांनीच साकारला आहे आणि त्याला महेश काळे यांचा आवाज आहे. ‘अरुणि किरणी’साठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. अभिनयात मात्र सदाशिव त्या आवाजाच्या एक पायरी खालीच राहतो.

उणिवा आहेतच. कट्यारीच्या तोंडून निवेदन करण्याची कल्पना मला बाळबोध वाटली. पंडितजींची मुलगी उमा (मृण्मयी देशपांडे) आणि खाँसाहेबांची मुलगी झरीना (अमृता खानविलकर) या दोघींच्या वाट्याला पुरुषांच्या वैराची झळ सोसण्यापलीकडे फारसे काही आलेले नाही. उत्तरार्धात खाँसाहेबांचा क्रूरपणा पार्श्वसंगीतासह इतका ठळक केला आहे, की पूर्वार्धात त्यांच्याविषयी वाटलेली कणव काही काळ हरवते.

माझ्यासारख्या गाणे-भीरू प्रेक्षकांना एकच सूचना करतो: गाणी आधी सुटी ऐकू नका. सुटी ऐकल्यास ती केवळ उत्तम गाणी वाटतील. प्रत्येक तानेवर कोणाची तरी प्रतिष्ठा पणाला लागली आहे, हे चित्रपट पाहतानाच कळते.