हुमणीसाठी सूत्रकृमी: कार्पोकॅप्सी घ्यावा की इंडिका?

परवा मावसभावाचा फोन आला, उसाच्या खोडव्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी लागलीय, बेटं हातानं उपटून येतायत, आणि दुकानदारानं दोन पाकिटं पुढं ठेवलीत. एकावर स्टायनरनेमा कार्पोकॅप्सी, दुसऱ्यावर हेटरोरॅब्डायटिस इंडिका. दुकानदार म्हणे दोन्ही सूत्रकृमीच, म्हणजे कीड मारणारे बारीक दोऱ्यासारखे जंत, कुठलंही न्या, पहिलं जरा स्वस्त पडेल. मी म्हटलं थांब, पैसे देऊ नको अजून.

सारखं काय ते आधी उरकतो. दोन्ही पाकिटांत सूत्रकृमीच्या अर्धा मिलिमीटरच्या आसपासच्या अळ्या असतात, काही खात नाहीत, अंगातल्या चरबीवर जगतात आणि आतड्यात बॅक्टेरिया घेऊन फिरतात. किडीच्या अंगात शिरल्या की बॅक्टेरिया सोडतात आणि कीड साधारण २४ ते ४८ तासांत मरते. डोळे नाहीत, त्यामुळे सगळा कारभार वासावर. किडीच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, तिची विष्ठा, तिनं कुरतडलेल्या मुळांचा वास. पण कार्बन डायऑक्साइड तर मुळंही सोडतात, कुजणारं शेणखतही सोडतं, म्हणजे त्यावरून एवढंच कळतं की इकडं काहीतरी आहे, नेमकं काय ते बाकीच्या वासांवरून ठरतं. स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवलं की मक्याचं मूळ किडीनं खाल्लं की ते कॅरिओफायलीन नावाचा पदार्थ सोडतं, आणि त्या वासानं हेटरोरॅब्डायटिसची एक जात मुळाकडं येते. हाच पदार्थ आपल्या लवंगेत आणि मिऱ्यात असतो बरं का. अमेरिकेतल्या बऱ्याच मक्याच्या वाणांत हा वास सोडायची सोयच राहिलेली नाही. हे मक्याचं झालं, उसाबद्दल मी तसा दावा करत नाही.

आता फरक. कार्पोकॅप्सी दबा धरून बसणारा. मातीच्या वरच्या थरात शेपटीवर उभा राहतो आणि वाट बघतो, किडीचा श्वास जवळ आला की अंगाची कमान करून चक्क उडी मारतो, स्वतःच्या लांबीच्या आठ-नऊ पट. मायक्रोस्कोपखाली ओल्या वाळूच्या कणांवर उभे असलेले बघितलेत मी, हळूच फुंकर मारली की लाह्या फुटल्यासारखे उडतात, तासभर तेच करत बसलो होतो. पण ही करामत कोणासाठी, तर जमिनीवर फिरणाऱ्या किडीसाठी, कटवर्म वगैरे. हुमणी कुठं फिरते? ती इंग्रजी सी सारखी वळून मुळाशी पडून असते, खाली. वर उभा राहून हिची वाट बघणारा उपाशीच मरणार.

इंडिका फिरस्ता. वासाचा माग काढत मातीत खाली जातो, आणि तोंडाशी एक बारीक दात असतो त्यानं किडीची पातळ कातडीही फाडू शकतो. हुमणीसारख्या अळ्यांसमोर हे महत्त्वाचं, कारण त्यांच्या श्वासाच्या छिद्रांवर चाळणीसारखी जाळी असते आणि विष्ठा इतकी वारंवार टाकतात की मागच्या दारानं शिरलेला बाहेर फेकला जातो. शिवाय इंडिकाचा एकटा जीव आत शिरला तरी पुढची पिढी होते, कारण पहिली पिढी उभयलिंगी, कार्पोकॅप्सीला नर आणि मादी दोन्ही आत लागतात. आणि हा आपल्याकडचाच, १९९२ साली कोइम्बतूरच्या नमुन्यांवरून नोंदवलेला, उष्णता सोसणारा.

मग इंडिकात खोट नाही का? आहे ना. सारखा फिरणारा म्हणून चरबी लवकर जळते, पाकीट टिकत नाही. कार्पोकॅप्सी निवांत बसतो म्हणून जास्त दिवस टिकतो, दुकानदाराला तोच परवडतो, स्वस्ताईचं कोडं बहुतेक इथंच सुटतं. म्हणून इंडिका घेताना तारीख बघा, आणि चिमूटभर पावडर पाण्यात टाकून भिंगाखाली बघा. जिवंत असतील तर सापासारखे वळवळतात. कार्पोकॅप्सी मात्र जिवंत असूनही सुईसारखा सरळ पडून राहतो, त्याला लगेच मेला समजू नका.

मेटारायझियमचं विचाराल तर ती बुरशी, ती शोधत जात नाही, कीडच तिच्यापर्यंत पोचायला हवी. वाईट नाही, पण वेगळा हिशोब.

भावाला इंडिकाच घ्यायला सांगितला. एकरी १०० कोटी सूत्रकृमी, संध्याकाळी, कारण ऊन लागलं की मरतात, माती आधी ओली आणि नंतरही काही दिवस ओली, पंपाची बारीक जाळी काढून मुळाशी आळवणी. वळवानंतर हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर दिसले की तारीख लिहून ठेवायची आणि हुमणीच्या अळ्या लहान असतानाच इंडिका सोडायचा, ऑगस्ट उलटून अंगठ्याएवढी झालेली हुमणी मारायला जड जाते. त्याच्याकडं नेमकी तीच आहे, त्यामुळे यंदा अर्धं काम होईल असं स्पष्टच सांगून टाकलं.

आठवड्यानं बेट उकरून बघ म्हटलं. मेलेली हुमणी विटकरी लाल दिसली तर इंडिकानं मारली. तशी एक डबीत घालून अंधाऱ्या खोलीत पाच-दहा मिनिटं बसलं, डोळे सरावले, की ती अगदी मंद चमकते, त्या बॅक्टेरियामुळे. काल रात्री साडेदहाला त्याचा पुन्हा फोन, वहिनी विचारतायत हा डबी घेऊन बाथरूममध्ये लाइट बंद करून काय करतोय.