‘अल्या’ की ‘ओकित्सुरा’? आधी कुठली मालिका घ्यावी

शाळेतली दोन पोरं, दोघांची मुळं वेगळ्या मातीतली, आणि जुळता जुळता न जुळणारं प्रेम. जपानी मंगामध्ये, म्हणजे तिथल्या चित्रकथांमध्ये, अशा गोष्टी अलीकडे बऱ्याच आल्यात. त्यातल्या तीन मालिकांबद्दल हमखास विचारणा होते: ‘अल्या’, ‘ओकित्सुरा’ आणि ‘होक्काइदो गॅल्स’. तिन्हींवर बारा-बारा भागांच्या कार्टून-मालिका, म्हणजेच अ‍ॅनिमे आलेत, त्यामुळे ‘आधी कुठली?’ हा प्रश्न साहजिक आहे. मी एकच कसोटी लावते. दोघांच्या संस्कृतीतला फरक काढून टाकला, तर मागे काय उरतं?

‘अल्या’ची मूळ कादंबरीमालिका 2021 मध्ये सुरू झाली, मंगा 2022 मध्ये आणि अ‍ॅनिमे 2024 च्या जुलैत. अल्या म्हणजे अलिसा मिखाइलोव्ना कुजो. तिचे वडील रशियन, आई जपानी. वर्गात पहिली, दिसायला देखणी, बोलायला फटकळ. शेजारच्या बाकावरचा मासाचिका कुझे मात्र वर्गात झोपा काढणारा. त्याला रागे भरता भरता ती मध्येच रशियनमध्ये पुटपुटते, “माझ्याकडेही लक्ष दे ना.” त्याने काय म्हणालीस विचारलं, की जपानीत उत्तर, “मूर्ख म्हणाले.” मासाचिकाला लहानपणापासून रशियन कळतं, आणि हे तिला माहीत नाही. तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो, आत धडधडतं आणि चेहरा कोरा. या एका युक्तीवर पहिले काही भाग अलगद तरून जातात.

अल्याचा हट्टीपणा तर अफलातून रंगवलाय. जहाल तिखट रामेनच्या (शेवयांच्या रश्श्याच्या) दुकानात ती बसते, घास उतरत नाही, डोळ्यांत पाणी, तरी हार मानेल तर शपथ! मला ती तिथेच आवडून गेली.

पण रशिया बाजूला काढा आणि बघा. गोष्टीचा कणा आहे विद्यार्थी परिषदेची निवडणूक: अध्यक्षपदासाठी अल्या उभी राहते, मासाचिका तिला साथ देतो, समोर तगडी प्रतिस्पर्धी. हे सगळं रशियनशिवायही तसंच घडलं असतं. तिच्या घरातलं रशियन वळण, सणवार, दोन देशांत वाढलेल्या मुलीची ओढाताण यांना फार थोडी जागा मिळते. प्रेमकथा म्हणून मात्र ही तिघींत सगळ्यात घट्ट विणलेली आहे. घेणार असाल तर मंगापेक्षा अ‍ॅनिमे घ्या, कारण रशियन कानावर पडायला हवं. अल्याला आवाज देणाऱ्या सुमिरे उएसाका यांनी विद्यापीठात रशियनचं शिक्षण घेतलंय.

‘ओकित्सुरा’त परदेश नाहीच. तेरुआकी नाकामुरा टोकियोहून जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरच्या शाळेत येतो आणि हिना क्यानच्या प्रेमात पडतो. ती तिथल्या ओकिनावन भाषेत भरभरून बोलते आणि याला अक्षर कळत नाही. पुण्याचा मुलगा मालवणात शाळेत यावा आणि त्याच्या कानावर ठसक्यातली मालवणी आदळावी, त्याच्याही चार पावलं पुढचा हा प्रकार. मग मदतीला येते काना हिगा. हिना काय म्हणाली ते ती त्याला समजावून सांगते, आणि तिचं स्वतःचं मन तेरुआकीवर आहे.

इथे भाषा काढली तर गोष्टच उरत नाही. तेरुआकीला हिनाशी बोलायचं तर काना लागते, आणि कानाला त्याच्याजवळ राहायचं तर हिनाचंच बोलणं त्याच्यापर्यंत पोचवावं लागतं. हसू फुटतं ते या अडकलेपणातून.

मला ही मालिका जवळची वाटते त्याला आणखी एक कारण आहे. ओकिनावा म्हणजे पूर्वीचं र्‍युक्यू राज्य. 1879 मध्ये जपानने ते ताब्यात घेतलं. पुढे शाळेत स्थानिक भाषा तोंडातून निघाली, की शिक्षा म्हणून मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जायची. दुसऱ्या महायुद्धानंतर 1972 पर्यंत बेटं अमेरिकेच्या अमलाखाली होती. 2009 मध्ये युनेस्कोने ओकिनावन भाषेची नोंद धोक्यातल्या भाषांमध्ये केली, आणि आज तिथल्या शाळकरी मुलांपैकी बहुतेकांना ती धड बोलता येत नाही. मालिका या इतिहासाचं ओझं वाहत नाही, हलकीफुलकीच राहते. पण हे ठाऊक असलं, की एक मुलगी आजीच्या पिढीची भाषा वर्गात बिनधास्त बोलते आणि टोकियोचा मुलगा ती शिकायला धडपडतो, हे बघताना ऊर भरून येतो.

उणीव आहेच. मध्येच गोष्ट थांबते आणि पर्यटन खात्याची पुस्तिका उघडल्यासारखी खाण्यापिण्याची, चालीरीतींची माहिती सुरू होते. तेरुआकी बराच काळ नुसता श्रोता राहतो, आणि प्रेम गोगलगायीच्या गतीने सरकतं. उत्कंठा हवी असेल तर कंटाळाल.

‘होक्काइदो गॅल्स’बद्दल थोडक्यात. टोकियोचा त्सुबासा जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या कितामी शहरात येतो, आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत आखूड स्कर्ट घालून उभी असलेली मिनामी त्याला भेटते. बर्फ आणि तिथलं खाणं छान येतं, पण फरकाची गंमत लवकर ओसरते आणि उरतो तो एका मुलाभोवतीचा मुलींचा घोळका. अंगप्रदर्शनही बरंच आहे, त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती देऊ नका. जमेची बाजू म्हणजे मंगा 2024 मध्ये पूर्ण झालाय, शेवट काय होतो ते लगेच कळतं.

घरातल्या मुलांसोबत बसून बघायची असेल, किंवा माणसं आणि मुलूख यांत रस असेल, तर बेलाशक ‘ओकित्सुरा’. प्रेमातली चुटपुट हवी असेल, तर ‘अल्या’. तिचा दुसरा हंगामही जाहीर झालाय. दोन्हींचे अ‍ॅनिमे क्रंचीरोल या ऑनलाइन सेवेवर इंग्रजी उपशीर्षकांसह आलेत. ‘ओकित्सुरा’चे पहिले तीन भाग बघा. कानाची बाजू तोवर मनाला भिडली नाही, तर ती मालिका तुमच्यासाठी नाही, सरळ ‘अल्या’कडे वळा.