58व्या रेजिमेंटचा खोटा पेला आणि माझे 86,400 येन

जपानी सैनिकी पेला आणि ट्रे अशा संचाचे 68,000. "दुसरं गिऱ्हाईक आहे, तुमच्यासाठी राखून ठेवतो" म्हणून विक्रेत्याने आधी घेतलेले 15,000, जे हिशेबातून वळते करणार होता आणि केले नाहीत. पोस्टाचे 3,400. एकूण 86,400 येन.

जपानमध्ये सैनिक घरी परतला की, जाताना निरोपाचे पैसे दिलेल्या शेजारी-नातेवाइकांना घरचे साकाझुकी वाटत. बशीसारखे उथळ पेले, आत सोनेरी तारा, झेंडा, रेजिमेंटचा आकडा. काही घरांनी लॅकरचे, म्हणजे चकचकीत रोगणाचे, ट्रेही वाटले. टोकियोत आल्यापासून चार वर्षं मी हे जमवतोय, कारण माझे आजोबा मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीत लढले आणि समोर होती जपानची 58वी रेजिमेंट, ताकादा गावची. समोरच्या माणसाच्या घरात काय आलं, ते मला हातात धरून पाहायचं होतं. ही गोष्ट मीच विक्रेत्याला सांगितली. कुणालाही सांगू नका! तीन आठवड्यांत त्याच्याकडे नेमका 58व्याचा संच "निघाला".

त्याआधी त्याने 2,500 येनला एक असे दोन अस्सल चिनी मातीचे पेले दिले होते. मी काही डोळे मिटून गेलो नव्हतो.

पण ती रात्र विसरता येत नाही. साडेअकरा वाजता मी फोटो मोठा करून पेल्यावरचं 'रेन्ताई' म्हणजे रेजिमेंट या शब्दाचं पहिलं अक्षर पाहिलं. युद्धापूर्वी लष्कर तिथे 17 रेघांचं अक्षर लिही. इथे होतं आजचं 10 रेघांचं. बोटाने मोजल्या मी. आणि स्वतःला समजावलं, की कारागिराने सोपं करून लिहिलं असेल. दहा मिनिटांनी पैसे पाठवले, तेही थेट त्याच्या बँक खात्यावर, कारण खरेदी-विक्रीच्या ॲपचं कमिशन वाचणार होतं.

पेल्यावर साल होतं शोवा 6, म्हणजे 1931. ही रेजिमेंट 1925 मध्ये मोडली आणि 1937 मध्ये पुन्हा उभी राहिली. ते मी नंतर शोधलं. आधी शोधा. पेला हातात आला तेव्हा थंड, जड लागला. उरुशीचा, म्हणजे जपानी लॅकरचा, लाकडी पेला हलका असतो. कडेखाली नखाला साच्याची बारीक रेघ लागली.

चौकीत पाऊण तास बसलो. हवालदार म्हणाला, हा दिवाणी वाद आहे, वस्तू तर मिळाली ना? बनावट आहे हे सिद्ध करा. बँकेत गेलो तर म्हणे, पोलिसांचं पत्र आणा. ग्राहक केंद्रातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की आठ दिवसांत परत करायची सवलत दारावर येणाऱ्या विक्रेत्याला लागू आहे, टपालाने मागवलेल्या मालाला नाही. तज्ज्ञाचा दाखला हवा असेल तर 22,000. पुन्हा चौकीत गेलो, तर तो हवालदार रजेवर, नव्याला सगळं पहिल्यापासून सांगा. त्याने माझा अर्ज लिहूनही घेतला नाही. तुटक्या जपानीत तीनदा सांगितलं, तीनदा मान हलवली. विक्रेत्याला त्यांनी साधा फोन तरी केला का? नाही.

जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो, त्याचा क्रमांक 12 आकडी असतो. तो मागा. नाही म्हणाला तर तिथेच थांबा. ॲपबाहेर एक येनही देऊ नका. पेल्याच्या पायाचा आणि कडेचा फोटो मागवा.

काल नव्या नावाच्या खात्यावर तोच ट्रे दिसला. डाव्या कोपऱ्यातला ओरखडा तोच. आकडा आता 30 आहे, किंमत 72,000, आणि अक्षर तेच, 10 रेघांचं.