काळ्या मातीसाठी चार दाती फोर्क: पार्सलमधला आणि लोहाराचा

रिव्ह्यू माती फोडायच्या फोर्कचा आहे, पण तो वापरला परभणीच्या काळ्या जमिनीत, म्हणून जमिनीबद्दलही बोलावं लागणार. कुंडीत कोकोपीट भरून बाग करणाऱ्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. त्यांना खुरपं पुरतं.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. गाड्यांच्या कमानीचे पाटे बदलण्यात आणि बुश ठोकण्यात नोकरी गेली. त्यामुळे अवजार हातात आलं की आधी जोड बघतो, मग लोखंड, आणि रंग सगळ्यात शेवटी. घर वसमत रोडच्या बाजूला आहे, मागची मोकळी जागा पूर्वी ज्वारीचं रान होतं. चार फूट निव्वळ काळी, खाली चुनखडीचे खडे. पावसाळ्यात ही माती पायातली चप्पल ठेवून घेते आणि मे महिन्यात अख्खा पंजा आत जाईल अशा भेगा पडतात. बेसाल्ट खडक झिजून झालेली चिकणमाती, त्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज. पाणी प्यालं की फुगतं, वाळलं की आकसतं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला दर काही वर्षांनी चीर जाते ती त्याच्यामुळेच. मिस्त्रीला उगाच शिव्या देऊन उपयोग नसतो.

पहिला फोर्क मुलानं पुण्याहून ऑनलाईन मागवून पाठवला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या प्रकारचे बहुतेक फोर्क एकाच साच्यातले असतात. किंमत चौदाशेच्या आसपास. दिसायला देखणा, हिरवा पावडर कोटिंगचा, वर प्लॅस्टिकची डी आकाराची मूठ, दांडा पोकळ पाइपचा. दात मात्र पत्रा दाबून काढलेले, चपटे. कुठल्या तरी भुसभुशीत पोयट्याच्या मातीसाठी हे चालत असेल. आमच्याकडे दात पूर्ण आत घालून दांडा मागे दाबला आणि कडेचा दात मानेपाशी वाकला. सरळ केला, पुन्हा वाकला. वाकायचंच होतं: सगळा भार दाताच्या मुळाशी येतो आणि तिथेच पत्रा सगळ्यात पातळ. मग पाइपचं भोक रिबेटपाशी लांबट झालं आणि फोर्क डुगडुगायला लागला. आता आमच्या घरी तो वाळलेला पालापाचोळा गोळा करायला वापरतात, आणि त्या कामाला उत्तम आहे. पाचपैकी दोन, तेही पालापाचोळ्याचे.

दुसरा फोर्क आठवडी बाजाराच्या कडेला भाता लावणाऱ्या घिसाडी कुटुंबाकडून करून घेतला. दांड्यासकट नऊशे रुपये, जुना पाटा माझाच. ट्रकच्या कमानीचा तुटलेला पाटा म्हणजे सिलिकॉन-मँगनीजचं स्प्रिंग स्टील. वाकून परत सरळ होण्यासाठीच ते बनलेलं असतं, फोर्कच्या दाताला दुसरं काय हवं? त्यांनी पाटा लांबीत चिरून पट्ट्या काढल्या, चौकोनी ठोकल्या, टोकाकडे निमुळत्या केल्या. दोन पट्ट्या यू आकारात वाकवून चार दात झाले. वेल्डिंग नको, असं मी सांगायच्या आधी म्हाताऱ्या लोहारानंच सांगितलं. मध्ये रिबेट मारून वरून गरम पट्टा आवळला. पट्टा गार होताना आकसला आणि जोड घट्ट बसला. स्प्रिंग स्टीलला वेल्डिंग केलं की टाक्याच्या शेजारची जागा ठिसूळ होते आणि फोर्क नेमका तिथेच मोडतो. वर्कशॉपमध्ये हे शिकायला मला साहेबांची बोलणी खावी लागली होती, आणि या माणसाला ते भात्यापाशी बसून ठाऊक.

पाणी द्यायची, म्हणजे तापलेलं लोखंड बुडवून कडक करायची वेळ आली तेव्हा त्यांनी दात जळक्या ऑईलमध्ये बुडवले, कानशीनं थोडा भाग चकचकीत केला आणि परत निखाऱ्यावर धरला. मी विचारलं, "मामा, परत कशाला तापवता?"

"कडक ऱ्हायला तर दगडाला लागून मोडंल, साहेब. निळा दिसला की काढायचा."

निळा रंग म्हणजे साधारण तीनशे अंशाचं तापमान. त्यांच्याकडे ना मीटर ना चार्ट. फोर्क आजवर ना वाकला, ना मोडला. चुनखडीच्या खड्यावर आपटतो तेव्हा दात झणझणतो आणि जागेवर येतो.

आता फावडं असताना फोर्क कशाला, हा प्रश्न शेजारीही विचारतात. फावड्यानं ओली काळी माती कापून बघा. काप आरशासारखा चकाकतो, म्हणजे ती बाजू लिंपली गेली. वाळली की त्यातून पाणीही जात नाही आणि कोवळं मूळही. फोर्क कापत नाही, फोडतो. माती आपल्या नैसर्गिक चिरांवर सुटते, कडा खडबडीत राहतात आणि त्या फटीतून हवा आणि शेणखत दोन्ही खाली उतरतं. मी ढेकूळ पालथं करत नाही. दात पायानं दाबून पूर्ण आत घालायचे, दांडा मागे ओढायचा, जमीन उचलून तडकल्याचा आवाज आला की सोडायचं आणि एक वीत मागे सरकायचं. वरून चाळलेलं शेणखत पसरायचं. उन्हाळ्यात तर फोर्कचीही गरज नसते. जमीन स्वतःच उकललेली असते, मृगाच्या आधी भेगांमध्ये खत ओतायचं, पुढचं काम पाऊस करतो.

फोर्क कितीही चांगला असला तरी वाफसा नसेल, म्हणजे मातीत कामापुरतीच ओल नसेल, तर तो भिंतीला टेकवून ठेवा. मूठभर माती वीतभर खालून काढा आणि दाबा. गोळाच होत नसेल तर वाळलीय, दात आत जाणार नाहीत. गोळा झाला आणि तळहातावर वळून त्याची वात होत असेल तर फार ओली आहे, आत पाऊलही टाकू नका. गोळा होतो पण अंगठ्यानं दाबल्यावर फुटतो, तो वाफसा. हलक्या रानात तो बरेच दिवस टिकतो. काळ्या रानात उघडीप मिळाली तर येतो आणि ऊन कडक असेल तर बघता बघता जातो. त्या दिवसांत मी लग्नाच्या पंक्तीही टाळतो. आमच्या घरी यावरून बोलणी बसतात, ती वेगळी गोष्ट.

फोडलेल्या मातीचे मी गादीवाफे करतो: साडेतीन फूट रुंद, नऊ इंच उंच, मधल्या सरीला मागच्या नालीकडे उतार. रुंदी अशी की दोन्ही बाजूंनी हात पुरतो, वाफ्यावर पाय पडत नाही. यात माझं काही नवीन नाही. काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकातच मांडली, आणि आज आपल्याकडे सोयाबीन बीबीएफ (ब्रॉड बेड फरो, म्हणजे रुंद वरंबा-सरी) यंत्रानं पेरतात ते तेच. हळद इथल्या वाफ्यात झकास येते, वसमत-हिंगोलीकडचे शेतकरी हे मला कशाला विचारतील. वांगी, झेंडू, कर्दळ, जास्वंद यांची तक्रार नाही. पेरू आणि जांभूळ जमिनीत थेट आहेत.

फोर्क घेतल्यावर ज्या तीन वस्तूंचा खर्च वाचला त्यांची नावं सांगतो. पहिली वाळू. "काळी हलकी करायला दोन ट्रॉली वाळू टाका" असं कुणीही सांगतं. फरक पडायचा तर मातीत निम्म्याहून जास्त वाळू लागेल. थोडी टाकली तर उन्हाळ्यात वीट तयार होते. दुसरी लाल माती. खड्डा खणून त्यात लाल माती भरून कलम लावायचं, हा नर्सरीवाल्यांचा आवडता सल्ला. भोवती काळी, आत भुसभुशीत लाल, म्हणजे त्या खड्ड्याची बादली होते. पावसाचं पाणी आत शिरतं, बाहेर जायला वाट नाही, आणि लिंबाची मुळं सडतात. जी माती काढली तीच खत मिसळून परत भरा आणि झाड थोडं उंचवट्यावर लावा. तिसरं जिप्सम. जमीन चोपण असेल, म्हणजे मातीत सोडियम चढलेलं असेल, तर ते सोडियम हाकलायचं काम जिप्सम खरंच करतं. पूर्णा खोऱ्यातल्या अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातल्यांनी त्याचा जरूर विचार करावा. माझ्या माती परीक्षणात सामू (पीएच) ८.१, सोडियम मर्यादेत, चुना भरपूर आणि सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के. मातीत चुना आधीच भरपूर आहे आणि हाकलायला सोडियम नाही, मग गोण्या कशाला उचलायच्या? कमी आहे तो कर्ब. माती काळी दिसते म्हणून खतावलेली आहे असं समजू नका, हा रंग शेणखताचा नव्हे.

एक गोष्ट फोर्कला जमत नाही. इक्झोरा या फुलझाडाची पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात, तो चुनखडीमुळे लोह न मिळाल्याचा प्रकार. किती का उकरा, जात नाही. इक्झोरा आणि अनंत मी कुंडीत हलवले.

लोहाराच्या फोर्कचे दोषही आहेत. वजन तीन किलोच्या घरात, त्यामुळे सौ. त्याला हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी तीन दातांचा आखूड करून घ्यायचा विचार आहे. फिनिशिंग म्हणाल तर शून्य, पहिल्या दिवशी रिबेटच्या कडेनं बोट खरचटलं, कानस मारून घ्यावी लागली. एप्रिलमध्ये लाकूड आकसून दांडा सैल होतो, रात्रभर पाण्यात ठेवला की बसतो. आणि काम झाल्यावर माती खरवडून जळक्या ऑईलचा बोळा फिरवला नाही तर सकाळी गंज. बिल नाही, वॉरंटी नाही, आणि ते कुटुंब पावसाळ्यात दुसऱ्या गावी असतं, त्यामुळे करून घ्यायचा तर दिवाळी ते मे या काळात. तरी पाचपैकी साडेचार.

करायला टाकणार असाल तर माप हे सांगा: दात अकरा इंच लांब, मुळाशी चौकोनी अर्धा इंच, दोन दातांत दोन इंच अंतर, पाय ठेवायला वर सपाट खांदा. पाटा भंगारवाल्याकडून स्वतः निवडून न्या, जिथे आधीच तडा दिसतो तो घेऊ नका. दांडा बाभळीचा, छातीपर्यंत येईल एवढा.